बाबांनी तपासलेलं इंजिन

गाडी मी घेतली, हे आधीच सांगून टाकते. आमच्या गल्लीत अजूनही लोक म्हणतात की म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आणि त्यानं अकोल्याहून लाल रंगाची, बिनछपराची गाडी उचलून आणली. डोकं फिरलं होतं ते खरं, पण चेकवर सही माझी होती. पन्नाशीला टेकलेली, बिनलग्नाची, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई जेमतेम दोन माणसं मावतील अशी जुनी विलायती स्पोर्ट्स कार कशाला घेते, हे गल्लीला सांगायला मी बांधलेली नाही. इथं सांगते.

बाबा अमरावतीतले जुने मोटार मेस्त्री. घराला लागूनच त्यांची टिनाची शेड. मी आणि दादा त्या शेडमध्येच पाने-पेचकस पुसत मोठे झालो. पुढे दादा नोकरीसाठी पुण्याला गेला, आई वारली, आणि घरात मी आणि बाबा उरलो. मग बाबाही थोडे थोडे जायला लागले. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरायचे, मग शेजाऱ्यांची नावं, मग एक दिवस ते बडनेऱ्याच्या स्टेशनवर सापडले. आईला घ्यायला आलोय म्हणाले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मला ते नाव आवडत नाही, म्हणून मी ते घेत नाही.

त्या आजारात माणूस चिडतो, संशय घेतो, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. बाबांचं तसं झालं नाही. त्यांचं मागणंच संपलं. ताट वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर बसून राहायचे. पंखा लावला तर वारा, नाही लावला तर घाम. आयुष्यभर ज्या माणसानं चहात साखर कमी पडली म्हणून कप बाजूला सारला, तो मी एकदा चुकून मीठ घातलेला चहा मुकाट्यानं पिऊन गेला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

म्हणून अकोल्याचं जे झालं ते मला फार मोठं वाटलं. नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. जेवणं उरकून उन्हं उतरल्यावर स्टँडकडे पायीच निघालो. वाटेत कापसाचं एक बंद पडलेलं जिनिंग लागलं. फाटक उघडं होतं आणि बाबा सरळ आत वळले. मी मागे धावले. पडवीत ताडपत्रीखाली काहीतरी उभं होतं. बाबांनी ताडपत्रीचा कोपरा उचलला, बॉनेटवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "माय, हे मले घेऊन देय."

बाबांनी काहीतरी मागितलं होतं. तिथं हत्ती उभा असता तर मी हत्ती घेतला असता.

जिनिंगच्या मालकाचा नातू तिथंच राहत होता. तो प्रामाणिक निघाला. "ताई, गाडी आजोबाची आहे," तो म्हणाला. "कोन्या मेस्त्रीनं तवा इंजिनात लय फेरफार केले म्हनतात. मूळचं काई राह्यलं नाई. आधी पाहून घ्या बापा, मंग माह्या नावानं बोंबलू नका." मी पाहिलं नाही. घेऊन टाकली.

दादाला फोन करून सांगितलं. दादा एरवी पुण्याचं स्वच्छ मराठी बोलतो. संतापला की मात्र त्याचं वऱ्हाड वर येतं. "तुले समजते का काई?" तो ओरडला. "बाबा तं बाबा, तुह्यं बी डोकं गेलं का?" गेलं वर्षभर त्याचं एकच चाललं होतं. पुण्यात अशा म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक चांगली जागा त्यानं बघून ठेवली होती. चोवीस तास माणसं, आवारात झाडं, दर आठवड्याला डॉक्टर. तो वाईट बोलत नव्हता. मी शाळेत असताना बाबा दिवसभर एका बाईच्या भरवशावर असतात, हे त्याला टोचायचं, आणि टोचायलाच हवं होतं. पण त्या जागेच्या फोटोंत मला कुठं एक पानासुद्धा दिसला नव्हता.

तेव्हा मी एक गोष्ट बोलून गेले. म्हटलं, तू ये. बाबांना ही गाडी तपासू दे. त्यांना अजून इंजिन कळत असेल तर ते इथंच राहतील, त्यांच्या शेडजवळ. नाही कळलं तर मी स्वतः त्यांची बॅग भरते आणि पुण्याला आणून सोडते. दादा म्हणाला, "लिहून घेऊ का?" मी म्हटलं, माझा शब्द आहे. फोन ठेवल्यावर मला कळलं, मी काय केलं होतं. बापाची परीक्षा लावून बसले होते मी, आणि तीही पेपर कसला निघेल ते माहीत नसताना.

गाडी ट्रकवर चढवून मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावतीला आणली. त्या आठवड्यात दादा पहाटेच्या गाडीनं आला. बाबा उठायच्या आत आम्ही दोघं शेडमध्ये शिरलो. नवी बॅटरी लावली, बाटलीतून पेट्रोल दिलं आणि कोणाकडून तरी मागून आणलेल्या मीटरनं एकेका सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतल्या हवेचा दाब, मोजलं. तीन नंबरचा कमी भरला. प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून पुन्हा मोजलं, तरी तेवढाच. म्हणजे पिस्टन बरा, हवा वाल्वमधून जाते. हे आमचं उत्तर. शिक्षिका असल्यानं उत्तरपत्रिका आधी तयार ठेवायची मला सवय आहे. बाकी सगळं आम्ही जसंच्या तसं बंद करून ठेवलं.

बाबा आंघोळ करून आले. मी त्यांचा जुना खाकी शर्ट इस्त्री करून ठेवला होता, तो घालून. दादाकडे बघून त्यांनी हात जोडले.

"नमस्कार भाऊ. गाडी तुमची?"

दादाचा चेहरा मी पाहिला. तो सहा महिन्यांनी घरी आला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो, माझीच."

"कोठचे तुमी?"

"अकोल्याचा."

"बरं बरं. बसा. घाई नाई ना?"

दादा उलट्या ठेवलेल्या डब्यावर बसला. स्वतःच्या बापाच्या शेडमध्ये गिऱ्हाईक होऊन. मला त्याचा इतके दिवस राग होता, तो तिथंच निम्मा उतरला.

बाबांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ हात मागे बांधून नुसतं पाहत राहिले. वाटलं, आता वळतील आणि विचारतील, हे काय आहे? पण ते वाकले. "याले दोन कार्बोरेटर असतेत मूळचे," ते म्हणाले. "एकच ठेवला. अन् तोबी जीपचा. कोन्या भैताडानं केलं हे?"

दादानं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. पहिला गुण मिळाला होता.

त्यांनी डिपस्टिक काढून तेल बोटांवर चोळलं, हुंगलं. पुढून हँडल घातलं आणि इंजिन हातानं सावकाश फिरवायला लागले. म्हाताऱ्या खांद्यांना ते झेपतंय की नाही असं मला वाटत होतं. मी पुढे झाले तर त्यांनी कोपरानं बाजूला केलं. अगदी पूर्वी करायचे तसं. एक फेरा, दुसरा फेरा. मग थांबले, थोडं मागे घेऊन परत तिथंच आले.

"तीनमंधी दम नाई. हवा चालली. पिस्टनातून नाई चालली, वाल्वातून चालली."

मी तोंड फिरवलं, कारण मला हसू येत होतं आणि त्याबरोबर दुसरंही काही येत होतं. दादानं डोक्याला हात लावला.

मग इंजिन चालू केलं. बाबांनी भिंतीवरचा लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी धरून डोळे मिटले. एक जागा ऐकायची, मग दुसरी, मग तिसरी. लहानपणी मला वाटायचं की इंजिन त्यांना काहीतरी सांगतं आणि ते आम्हाला सांगत नाहीत. त्या मिटलेल्या डोळ्यांच्या चेहऱ्यावर कुठंच काही हरवलेलं नव्हतं. कित्येक महिन्यांनी मला माझे बाबा दिसले. मी इतकी सुखावले की ते सुख खरं धरून बसले, ही माझी चूक.

डोळे उघडल्यावर त्यांनी आपलंच मत फिरवलं. "भैताड नाई हा मानूस," ते दादाला म्हणाले. "आता मले समजून राह्यलं. दोन कार्बोरेटर इकडं कोन जुळवून देते? बिघडले का गाडी पडली. एक असला तं कोन्याबी गावचा मेस्त्री सांभाळते. पंखा पाहा, मोठा टाकला. रेडिएटरची जाळी वाढवली. आपला उन्हाळा डोक्यात धरून काम केलं यानं. गाडी विलायतची, पन इंजिन अकोल्याचं केलं." मग त्यांनी रेडिएटरच्या वरच्या पाइपवर तळवा ठेवला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पन हे पानी असं काहून चाललं? थंडं होऊ द्या. उघडून पाहू."

इंजिन थंड होईपर्यंत आम्ही चहा घेतला. बाबांनी साखर मागितली. स्वयंपाकघरात दादानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "पास. फर्स्ट क्लासमध्ये. तू जिंकलीस, मी पुण्याचं नाव काढत नाही." त्याचे डोळे भरले होते. मीही पदरानं डोळे पुसले. आम्ही दोघं लहानपणी निकालाच्या दिवशी असेच ओट्याला टेकून उभे राहायचो. सगळं ठीक होईल असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं.

परत आलो तोवर बाबांनी दोन बोल्ट सैल केले होते.

इथं थोडं सांगावं लागेल. इंजिनात पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा दरवाजा असतो. इंजिन गार असताना तो पाणी अडवतो, तापलं की सोडतो. आमच्याकडे गाडी आली की मेस्त्री पहिलं काम काय करतो, तर तो दरवाजा काढून फेकून देतो. अकोल्याचा मे महिना ज्यानं पाहिलाय त्याला त्याचं कारण विचारायची गरज नाही. पण मग पाणी नुसतं धावतं, कुठं अडत नाही, आणि हिवाळ्यात इंजिन कधी नीट तापतच नाही. आतून झिजत राहतं. चांगलं करायला जाऊन वाईट होतं. बाबा या गोष्टीवरून सगळ्या अमरावतीशी भांडले होते. ते थर्मोस्टॅट काढायचे, पण त्या जागी पितळेची एक चकती बसवायचे, मधोमध भोक पाडलेली. भोक किती मोठं ठेवायचं हे गाडी पाहून ठरवायचे. असं करणारा दुसरा मेस्त्री मी आजवर पाहिलेला नाही.

बाबांनी झाकण उचललं. आत पितळेची चकती होती.

त्यांनी ती नखानं सोडवली, चिंधीनं पुसली आणि उजेडात धरली. एका बाजूला ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली अक्षरं होती. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तशी. भोकानं आणि कडेनं खाल्लेली दोन-अडीच अक्षरं उरली होती. ती आईच्या नावाची होती.

माझ्या लहानपणी आईचं लग्नातलं पितळी ताट नाहीसं झालं होतं. तिनं ते साऱ्या घरात शोधलं, मग शेजारच्या काकूंवर संशय घेतला आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते अखेरपर्यंत टाकलेलंच होतं. त्याच उन्हाळ्यात बाबा कोणा जिनिंगवाल्याच्या कामासाठी बरेच दिवस अकोल्याला राहिले होते. ते काम काय होतं हे आम्ही कधी विचारलं नाही. ते कधी सांगायचे नाहीत. काम झालं की झालं, त्यावर बोलायचं काय, असा त्यांचा स्वभाव.

दादा उठून उभा राहिला होता. त्यालाही अक्षरं दिसली होती. आम्ही दोघं बाबांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. कोणत्याही परीक्षेला बसताना मी कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं, ते तेव्हा घेतलं.

बाबांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. ओठ हलवून ती लावून पाहिली. आणि मग ते हसायला लागले.

"पाहा भाऊ," ते दादाला म्हणाले. "घरचं ताट कापलं यानं! बायकोनं लय शिव्या देल्ल्या असतीन त्याले."

दादा शेडमधून बाहेर गेला. आवारातल्या नळाचा आवाज आला आणि येतच राहिला. मी गेले तर तो पाण्याखाली हात धरून उभा होता. हाताला काहीही लागलेलं नव्हतं. तो रडत होता, मोठ्या माणसांना रडता येत नाही तसा, धक्के देत. "एवढं सगळं समजते त्याईले," तो म्हणाला, "अन् आई नाई समजत?" मला वाटलं होतं की इंजिन शाबूत असेल तर माणूस शाबूत असेल. विद्या होती तशीच होती, पण जो ती शिकला, जिनं त्याच्यासाठी भाकरी थापली, जे त्याच्याजवळ पाने पुसत बसले, त्यांतलं कोणी त्या विद्येसोबत राहिलं नव्हतं. जिनिंगच्या फाटकाशी त्यांचे पाय का वळले असतील, याचा मी त्यानंतर फार विचार केला आहे.

"पुण्याला नको," दादा तोंड धुऊन म्हणाला. "तू जिंकलीस म्हणून नाही सांगत. तिथं त्यांना पेचकस कोण देईल? मी दर महिन्याला येत जातो. ते मला गिऱ्हाईक समजले तरी चालेल."

मला जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. मी मान हलवली आणि आम्ही आत आलो.

बाबा चकती तळहातावर घेऊन बसले होते. भोकाची कड चाचपत होते, कानशीनं किती साफ घासली आहे ते बघत होते. "मेस्त्री शायना होता," ते म्हणाले. "जिता आहे का तो?"

"आहे," मी म्हटलं.

"काम करते अजून?"

"नाई बाबा. इसरून राह्यला आता."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. आपल्या धंद्यातल्या माणसाचं वाईट ऐकल्यावर उतरतो तसा. "अरे अरे अरे," ते म्हणाले. "कोनी आहे का त्याले?"

दादा बोलला. "आहेत. पोरगा आहे, पोरगी आहे."

"मंग बरं आहे." बाबांनी चकती पुन्हा चिंधीनं पुसली. "त्याले सांगजा भाऊ, का त्याचं काम लय चांगलं होतं म्हना. मेस्त्र्याले कोनी सांगत नाई. गाडी चालू झाली का लोकं निंगून जातेत."

आम्हीही कधी सांगितलं नव्हतं. घरात कोणी बापाला असं सांगतं का? मी त्यांच्यासमोर खाली बसले, त्यांचे तेलकट हात चकतीसकट माझ्या हातांत घेतले आणि म्हटलं, "बाबा, तुमचं काम लय चांगलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चुकून भलत्याच दुकानात शिरलेल्या बाईकडे पाहावं तसं, पण मायेनं.

"मले काय सांगून राह्यली वं माय?" ते म्हणाले. "त्याले सांग."